आठ माणसं आणि चार पाटे

पहाटे ताडोबाच्या मोहर्ली गेटवर जिप्सींची रांग लागते, तेव्हा पाहुण्यांचं सगळं लक्ष आत असलेल्या वाघाकडे लागलेलं असतं. गाडीच्या मागच्या चाकाकडे बघायला कोणाला सवड नसते. खरं तर तिथे बघण्यासारखं बरंच घडत असतं. रिकाम्या जिप्सीचा मागचा टायर आणि त्यावरचं मडगार्ड यांच्यात चांगली ऐसपैस फट दिसते. मग एकेक पाहुणा पायदानावर पाय ठेवून वर चढतो. गाडी त्या बाजूला कलते, सावरते आणि पहिल्यापेक्षा थोडी खाली बसते. कॅमेऱ्यांच्या बॅगा चढतात, पाण्याच्या बाटल्या चढतात, शेवटी गाइड चालकाशेजारी येऊन बसतो. सहा पाहुणे, एक गाइड, एक चालक. गेट उघडेपर्यंत ती ऐसपैस फट निम्म्यावर आलेली असते.

माणशी ६५ किलो धरले तरी आठ जणांचे ५२० किलो होतात. कापडी छताच्या जिप्सी किंगचं कंपनीने दिलेलं स्वतःचं वजन ९८५ किलो. म्हणजे गाडी आपल्या अंगाच्या निम्म्याहून जास्त ओझं पाठीवर घेऊन जंगलात शिरते, आणि तेही बहुतेक मागच्या बाजूला, उंच बसवलेल्या बाकांवर. पाहुणे उतरवून चालक एकटा गावाकडे निघतो तेव्हा तीच गाडी दुसऱ्या स्वभावाची झालेली असते. येताना झुलत आलेली जिप्सी जाताना टणाटण उडते. रस्ता तोच, चाकं तीच, चालकही तोच. फरक पडतो तो मधल्या पोलादी पाट्यांमुळे.

गाडीचं सस्पेन्शन कसं निवडावं, हा प्रश्न मोटारशौकिनांच्या गप्पांत येतो तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर शर्यतीचा ट्रॅक असतो. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक किंवा ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट. चंद्रपूरकडे मात्र ट्रॅक म्हटलं की जंगलातली मातीची वाट. ताडोबात १९५५ साली ११६.५५ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान झालं, १९८६ मध्ये शेजारी अंधारी अभयारण्य आलं आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. या जंगलात मोटारीच्या फार आधीपासून रस्ते आहेत. जुन्या वाटेच्या कडेने उभे असलेले दगडी खांब चांद्याच्या गोंड राजांच्या काळचे मानले जातात. खांबांतून दोर ओवलेला असे आणि घंटा वाजवून निरोप पुढे पोचत असे, असं स्थानिक लोक सांगतात. आता त्याच परिसरात जिप्सी धावतात, वेगमर्यादा ताशी २० किलोमीटरची. शर्यतीच्या दृष्टीने हा वेग हास्यास्पदच. सस्पेन्शनची परीक्षा मात्र इथे जास्त कडक होते, कारण शर्यतीच्या ट्रॅकवर पुढच्या वळणाला काय येणार ते आधीच माहीत असतं आणि इथे पावसाळ्याने कोरलेला चर, सागाचं मूळ, नाल्यातले गोटे आणि मुरमाचा ढीग एकाच वळणात भेटू शकतात.

सस्पेन्शन म्हणजे बसणाऱ्याला धक्के बसू नयेत म्हणून केलेली सोय, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. सस्पेन्शनचं पहिलं काम टायर जमिनीला टेकलेला ठेवणं हे आहे. चाक हवेत गेलं की ते ना वळू शकतं, ना ब्रेक मारू शकतं, ना गाडी ओढू शकतं. माणसाच्या पाठीची सोय हे त्यानंतरचं काम. ही दोन्ही कामं कधी हातात हात घालून चालतात, कधी एकमेकांच्या पायात पाय घालतात. निवड करायची वेळ येते ती दुसऱ्या परिस्थितीत.

स्प्रिंगचं गणित वाटतं तितकं अवघड नाही. गाडीच्या वजनाने स्प्रिंग जितके सेंटिमीटर दबते, त्या आकड्याचं वर्गमूळ काढायचं आणि ५ ला त्याने भागायचं. येणारा आकडा म्हणजे ती गाडी सेकंदाला किती हेलकावे खाईल. २५ सेंटिमीटर दबणारी स्प्रिंग सेकंदाला एक हेलकावा देते, सव्वासहा सेंटिमीटर दबणारी दोन. आरामशीर मोटारी सव्वा-दीडच्या आसपास ठेवलेल्या असतात. माणसाला हा ठेका सोसतो, कारण चालताना त्याचं शरीर साधारण अशाच लयीत वरखाली होत असतं. सेकंदाला चार ते आठ हा पट्टा मात्र वाईट. पोटातले अवयव आणि पाठीचा कणा त्या कंपनांना सगळ्यात जास्त साथ देतात, आणि अशी साथ कोणालाच नको असते.

हे गणित जिप्सीला लावून बघू. समजा मागचे पाटे रिकाम्या गाडीच्या वजनाने चार सेंटिमीटर दबतात. ५ भागिले २, म्हणजे सेकंदाला अडीच हेलकावे. गाडी कडक. आता पाहुणे चढल्यावर तेच पाटे एकूण नऊ सेंटिमीटर दबले. ५ भागिले ३, म्हणजे सेकंदाला पावणेदोनच्या आत. गाडी मऊ. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण परतीच्या वाटेवर जिप्सी का उडते याचं उत्तर त्यांत आहे. आठ माणसांसाठी घातलेल्या पाट्यांवर एकटा माणूस बसलेला असतो.

मारुतीने जिप्सी भारतात आणली डिसेंबर १९८५ मध्ये. जपानच्या सुझुकीच्या छोट्या जीपचं हे लांब रूप होतं आणि इंजिन होतं जेमतेम ९७० सीसीचं. १९९३ मध्ये डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर पुढे आणि मागे ९० मिलिमीटरनी वाढवलं. या अंतरालाही वाहनशास्त्रात ट्रॅकच म्हणतात, म्हणून त्या गाडीचं नाव वाइड ट्रॅक. आधीची गाडी अरुंद आणि उंच होती, वळणावर जिवाला घोर लावायची. नऊ सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण गाडी उलटण्याचं गणित मुळात उंची आणि रुंदीच्या गुणोत्तराचं असतं. स्प्रिंगला हातही न लावता गाडीचा स्वभाव बदलण्याचं हे चांगलं उदाहरण आहे. १९९६ मध्ये १,३०० सीसीची जिप्सी किंग आली. पुढे इंजिन सुधारलं, ताकद वाढली, पण खालची रचना शेवटपर्यंत तशीच राहिली. पुढे एक अखंड कणा, मागे एक अखंड कणा आणि प्रत्येक चाकापाशी पाट्यांचा एक जुडगा.

हा जुडगा एकदा वाकून बघण्यासारखा आहे. सगळ्यात वर लांब मुख्य पाटा, त्याच्या दोन्ही टोकांना पोलादच वळवून केलेले डोळे. त्याखाली त्याहून आखूड, मग आणखी आखूड, अशी उतरती भाजणी. मधोमध सगळ्यांना भेदून जाणारा सेंटर बोल्ट, आणि कण्याला जुडगा आवळून धरणारे यू-बोल्ट. एक डोळा चॅसीला थेट अडकवलेला, दुसरा शॅकल नावाच्या हलत्या कडीत. पाटा सरळ होताना लांब होतो, तेव्हा वाढलेल्या लांबीला सरकायला जागा हवी म्हणून ही कडी. डोळ्यांत रबराचे बुश. धुळीने माखलेला हा सगळा संसार बघताना हे यंत्र मोटारीपेक्षा जुनं आहे हे लक्षात येतं. इंग्लंडच्या ओबादाया एलियटने घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार पाट्यांचं पेटंट घेतलं ते १८०४ मध्ये.

पाट्यांची गंमत अशी की ते एकाच वेळी तीन कामं करतात. वजन पेलतात, कण्याला जागेवर धरून ठेवतात आणि हेलकावेही थोडे जिरवतात. पाटे वाकताना एकमेकांवर घासतात, आणि त्या घर्षणात हेलकाव्याची ताकद जिरते. हीच त्यांची खोडही. लहान धक्का हे घर्षण मोडू शकत नाही, त्यामुळे पाटा वाकतच नाही आणि धक्का जसाच्या तसा बाकावर पोचतो. मोठ्या खड्ड्यात जिप्सी समजूतदारपणे वागते आणि बारीक खडीवर मात्र दात वाजवते, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. त्यात ताडोबाची धूळ पाट्यांमध्ये शिरली आणि पावसाने गंज धरला की घर्षण आणखी वाढतं.

मग पाटेच का? एक तर ओझं. दुसरं म्हणजे दुरुस्ती. जंगलाच्या आत मुख्य पाटा मोडला तरी लाकडाचा ओंडका आणि दोरखंड यांच्या आधाराने गाडी कशीबशी गेटपर्यंत आणता येते. बाहेर कमानीवाला असतोच. ट्रकच्या मार्गावर पाटे ठोकून त्यांना पुन्हा बाक देणारा कारागीर जवळपास प्रत्येक मोठ्या नाक्यावर सापडतो. तिसरं कारण अखंड कण्याचं. एक चाक मुळावर चढलं की कणा तिरका होतो आणि दुसरं चाक जमिनीकडे दाबलं जातं. ओबडधोबड जमिनीवर चारही चाकं टेकलेली ठेवायला ही जुनी रचना अजून तोडीस तोड आहे. शिवाय कण्याचा मधला गोळा जमिनीपासून नेहमी सारख्याच उंचीवर राहतो. गाडी दबली तरी तो खाली येत नाही. जिप्सीची जमिनीपासूनची २१० मिलिमीटर उंची पाहुणे चढल्यावरही तिथे कायम असते. स्वतंत्र सस्पेन्शनच्या मोटारीत ओझ्याबरोबर पोटच खाली येतं.

आता शॉकअ‍ॅब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत शॉकअप. नाव फसवं आहे. धक्का खाते स्प्रिंग. शॉकअप त्यानंतरची उड्यांची मालिका थांबवतो. नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक छिद्रं. तेल छिद्रांतून जोराने ढकललं जातं आणि हेलकाव्याची ताकद उष्णतेत बदलते. जुन्या गॅरेजमधली चाचणी अजूनही खरी आहे. मडगार्डवर सगळा भार टाकून दाबायचं आणि सोडून द्यायचं. गाडी वर येऊन जागेवर थांबली तर शॉकअप शाबूत, दोन-तीनदा मान डोलावली तर संपला. पाट्यांच्या गाडीत मात्र ही चाचणी थोडी चकवते, कारण गंजलेले पाटे स्वतःच हेलकावा अडवतात आणि मेलेला शॉकअपही जिवंत वाटतो.

चंद्रपूरचा उन्हाळा इथे मध्ये येतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४५-४६ च्या पुढे जातो, आणि नेमकी तीच वाघ दिसण्याची वेळ, कारण सगळं जंगल पाणवठ्यावर येतं. शॉकअप आपली उष्णता आजूबाजूच्या हवेत सोडतो. हवाच तापलेली, वेग वीसचा, त्यामुळे वाराही नाही आणि खालून सतत हादरे. तेल तापून पातळ होतं, दट्ट्याला अडवणं कमी होतं आणि फेरीच्या शेवटच्या तासात गाडी सकाळपेक्षा जास्त झुलू लागते. रॅलीच्या गाड्यांना मोठ्या तेलसाठ्याचे जाड शॉकअप घालतात ते याचसाठी.

रॅलीचा विषय निघाला म्हणून सांगायचं, जिप्सी ही आधी शर्यतीच्या मैदानात गाजलेली गाडी आहे. १९९० च्या दशकात हरी सिंग यांनी राष्ट्रीय रॅली स्पर्धा गाजवली ती जिप्सीवर. १९९९ मध्ये सुरू झालेल्या रेड दि हिमालय या शर्यतीतही वर्षानुवर्षं जिप्सींची गर्दी असे. रॅलीतली जिप्सी आणि सफारीतली जिप्सी एकाच कारखान्यातून निघालेल्या बहिणी, पण संसार वेगळे. रॅलीवाला मागचे बाक काढून टाकतो, गाडी हलकी करतो, दोन माणसं बसवतो आणि चाक हवेतून जमिनीवर आदळेल या हिशेबाने शॉकअप निवडतो. सफारीवाला आणखी बाक चढवतो आणि चाक हवेत जाऊच नये या हिशेबाने चालवतो. रॅलीसाठी बनवलेला कडक शॉकअप हौसेने सफारीच्या गाडीला लावला तर पाहुण्यांच्या पाठीची काही खैर नाही.

गुळगुळीत डांबरी ट्रॅकवर तर सगळी गणितंच उलटी होतात. तिथे खड्डा नसतो. तिथे शत्रू असतो गाडीचं झुकणं. वळणावर वजन बाहेरच्या चाकांवर जातं, आतली चाकं हलकी होतात, टायरचा कोन बिघडतो आणि पकड सुटते. म्हणून कडक स्प्रिंग, कमी उंची आणि डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा जाड अँटी-रोल बार. शर्यतीच्या साध्या मोटारी सेकंदाला दोन-तीन हेलकाव्यांच्या पट्ट्यात ठेवतात. हवेच्या दाबाने जमिनीला चिकटणाऱ्या फॉर्म्युला गाड्या त्याहूनही कडक असतात. मात्र कडकपणालाही मर्यादा आहे. ट्रॅकच्या कडेच्या रंगीत उंचवट्यावर चाक चढताच अति कडक गाडी उडी मारते आणि त्या क्षणापुरती पकड शून्य होते. नवशिका हौशी सगळ्यात कडक स्प्रिंग विकत घेतो आणि पहिल्याच फेरीत हे शिकतो. मऊ आणि कडक या दोन्हींची इच्छा पुरी करायचा प्रयत्न फॉर्म्युला वनमधल्या विल्यम्स संघाने केला होता. १९९२ च्या त्यांच्या गाडीत संगणक प्रत्येक चाकाची उंची क्षणोक्षणी बदलत असे. त्यांचा चालक नायजेल मॅन्सेल त्या वर्षी जगज्जेता झाला आणि १९९४ च्या हंगामापासून ते तंत्रच बंद करण्यात आलं.

तोच जाड अँटी-रोल बार जंगलात नेला तर? एक चाक दगडावर चढलं की बार दुसऱ्यालाही वर ओढतो. दोन चाकांचं परस्परांपासूनचं स्वातंत्र्य जातं, एक चाक हवेत लटकतं आणि जागच्या जागी फिरत बसतं. ट्रॅकवर जे भूषण तेच नाल्यात दूषण.

सस्पेन्शनशिवायही गाडी धावते, हे विसरू नये. कोल्हापूरजवळ मोहितेंचा कार्टिंगचा ट्रॅक आहे. देशातले अनेक तरुण चालक अशा ट्रॅकवर तयार होतात. त्या छोट्या कार्टला स्प्रिंगच नसते. नळ्यांचा सांगाडाच वळणावर पीळ खातो आणि आतलं मागचं चाक उचलून धरतो. इकडे झाडीपट्टीत हिवाळ्यात शंकरपट भरतात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी बैलगाडा शर्यतींच्या कायद्याला मान्यता दिल्यानंतर त्यांना पुन्हा जोर आला आहे. दिवसा पट आणि रात्री त्याच गावात झाडीपट्टीचं नाटक, ही इथली जुनी जोडी. पटातल्या हलक्या गाडीला ना पाटा, ना शॉकअप. तिथे चालकाचे गुडघे हेच सस्पेन्शन. रोजच्या बंडीचंही तेच. बंडीत खाली तणसाचा थर अंथरतात, ती स्प्रिंगची जागा भरून काढायची सगळ्यात स्वस्त तऱ्हा.

सफारीच्या वाटेवर आणखी एक गंमत दिसते. कोरड्या दिवसांत मातीचा रस्ता हळूहळू पन्हाळी पत्र्यासारखा होतो. आडव्या लाटा, एकसारख्या अंतरावर. याचा दोष लोक बहुतेक गाड्यांच्या स्प्रिंगांना देतात, आणि वरवर ते पटतंही. पण २००७ मध्ये ताबेर्ले, मॉरिस आणि मॅकेल्वेन या फ्रान्स, कॅनडा आणि इंग्लंडमधल्या संशोधकांनी फिरत्या वाळूच्या थाळीवर एक चाक ठेवून बघितलं. चाकाला स्प्रिंग नव्हती, शॉकअप नव्हता, तरी लाटा उमटल्या. कोरड्या मातीवर ठराविक वेगाच्या पुढे चाक चाललं की लाटा येणारच, आणि तो वेग इतका कमी निघाला की एवढ्या सावकाश गाडी चालवायला कोणी तयार होणार नाही. थोडक्यात, या बाबतीत जिप्सीचे पाटे निर्दोष आहेत. रस्ता खरडून सपाट करणं एवढाच उपाय, आणि तोही पुढच्या लाटा येईपर्यंत.

टायरमधली हवा हीदेखील एक स्प्रिंगच आहे, आणि धक्का तिच्याशी सगळ्यात आधी भिडतो. हवा थोडी कमी केली की बारीक खडीचा त्रास पाट्यांपर्यंत पोचायच्या आधीच मिटतो. फार कमी केली तर टोकदार दगड टायरची भिंत फाडतो, आणि डांबरावर आल्यावर टायर तापतो. पाटे, शॉकअप यांवर खर्च करण्याआधी हवेच्या दाबाचा प्रयोग करून बघावा. त्याला पैसे लागत नाहीत.

रिकामी आणि भरलेली गाडी हा पेच जिप्सीपुरता नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत तो जागोजागी दिसतो. चंद्रपूर परिसरातल्या खुल्या कोळसा खाणींत फिरणारे अजस्र डंपर भरल्यावर आपल्या वजनाच्या दुपटीहून जड होतात. त्यांना पाटे नसतातच. चाकांपाशी जाडजूड नळकांडी असतात, आत तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन वायू. वायू जितका दाबावा तितका जास्त कडक होतो, त्यामुळे रिकाम्या डंपरला मऊ आणि भरलेल्याला कडक स्प्रिंग आपोआप मिळते. ट्रकवाल्यांनी हाच प्रश्न स्वस्तात सोडवला आहे. मुख्य जुडग्यावर एक लहान जुडगा, त्याला हेल्पर म्हणतात. ट्रक रिकामा असताना हेल्पर कशालाही टेकत नाही. भार चढून चॅसी खाली आली की तो कामाला लागतो.

गडचिरोलीत सूरजागडचं लोहखनिज एटापल्ली-आलापल्लीच्या रस्त्यांवरून बाहेर पडू लागलं, तेव्हापासून या ट्रकांखालच्या रस्त्यांचा विषय तिथल्या माणसाच्या रोजच्या बोलण्यात आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक चालवून पाहण्याचा मोठा प्रयोग झाला. कण्यावरचा भार दुप्पट केला तर रस्त्याची झीज सुमारे सोळापट होते, असा त्याचा निष्कर्ष. आणि ट्रक जेव्हा कडक पाट्यांवर उडतो तेव्हा भार क्षणापुरता आणखी वाढतो. म्हणजे सस्पेन्शन खराब असलं की खड्डा पडतो, खड्ड्यामुळे सस्पेन्शन आणखी खराब होतं, आणि दोघांच्या भांडणात मागून येणाऱ्या एसटीतले प्रवासी हेलपाटतात. गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी हा ३२ किलोमीटरचा रस्ता आणि अहेरी ते गर्देवाडा बससेवा १ जानेवारी २०२५ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा बस बघणाऱ्या त्या भागाला सस्पेन्शनची चर्चा चैनीची वाटेल, आणि त्यात चूक काही नाही.

जिप्सीचं सामान्य ग्राहकांसाठीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं. तिच्या जागी जून २०२३ मध्ये पाच दारांची जिम्नी आली. अखंड कणे कायम राहिले, २१० मिलिमीटर उंचीही तीच, पण पाटे गेले आणि वेटोळ्यांच्या स्प्रिंगा आल्या. वेटोळं एकमेकांवर घासत नाही, म्हणून बारीक धक्काही ते गिळतं. मात्र वेटोळं कण्याला जागेवर धरू शकत नाही, त्यासाठी वेगळ्या दांड्या लागतात, त्यांच्या टोकांना वेगळे बुश लागतात. जिम्नी जास्त शहाणी आहे यात शंका नाही. पण ती चार जणांची बंद गाडी आहे, जिप्सीपेक्षा दोनशे किलोंनी जड. सहा पाहुण्यांना उंचावर बसवून मोकळ्या हवेत फिरवायचं तर तिला कापावं लागतं, आणि कापून वजन बदललं की स्प्रिंगचं गणित पुन्हा पहिल्यापासून मांडावं लागतं. नुसतं छप्पर उडवून मागे बाक ठोकले की सफारीची गाडी तयार झाली, हा हिशेब कच्चा आहे.

तूर्त जुन्या जिप्सीच जपून चालवल्या जातात. मालकाला मोह होतो तो उंचीचा. लांब शॅकल लावून किंवा पाट्याखाली ठोकळा टाकून गाडी दोन इंच वर घेतली की ती रुबाबदार दिसते. १,३०० मिलिमीटर रुंदीच्या ट्रॅकवर आधीच उंच बसलेली सहा माणसं आणखी वर जातात, आणि कारखान्याने १९९३ मध्ये नऊ सेंटिमीटर रुंदी वाढवून जे कमावलं होतं त्यातलं बरंचसं गमावलं जातं. दुसरा मोह एक जादा पाटा घालण्याचा. भरलेली गाडी मग खाली बसत नाही हे खरं, पण रिकामी गाडी नुसती लाकडाची होते, आणि धक्के पाट्याऐवजी चॅसीच्या सांध्यांना बसू लागतात. ओझं खरोखर वाढलं असेल तरच जादा पाटा. नाही तर बाक गेलेले जुने पाटे बदलणं बरं.

पाहुण्याच्या हातात यातलं काहीच नसतं, जागा तेवढी निवडता येते. गाडी पुढच्या आणि मागच्या कण्यावर तराजूसारखी डुलते. दोन्ही कण्यांच्या मध्ये बसलेल्याला झोके कमी लागतात, मागच्या कण्यावर किंवा त्यापलीकडे बसलेल्याला जास्त. शेवटच्या बाकावरून दिसतं छान, पण कमरेचं दुखणं असेल त्याने मधला बाक मागून घ्यावा. आणि मोठ्या चरातून गाडी जाताना दांडी धरून किंचित उभं राहावं. पटातला गाडीवान करतो तेच.

१ जुलैला गाभा क्षेत्र पावसाळ्यासाठी बंद होतं, ते ३० सप्टेंबरपर्यंत. हे तीन महिने जिप्सींच्या दुरुस्तीचे. गाडी ठोकळ्यांवर चढते, यू-बोल्ट सुटतात, सेंटर बोल्ट निघतो आणि पाटे जमिनीवर लांबीच्या क्रमाने मांडले जातात. तारेच्या ब्रशने गंज खरवडला जातो, मध्ये ग्रीस लागतं, चेपलेले बुश ठोकून काढून नवे बसतात. मुख्य पाट्याच्या डोळ्यापाशी केसाएवढी चीर नाही ना, हे बॅटरी धरून बघितलं जातं. मग सगळं पुन्हा बांधून होतं. तरी काम संपत नाही. नवे आवळलेले पाटे ओझ्याखाली पहिल्यांदा दबले की एकमेकांवर नीट बसतात आणि यू-बोल्ट किंचित ढिले पडतात. म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या काही फेऱ्या झाल्या की चालक गेटबाहेर गाडी लावतो, गोणपाट अंथरतो आणि पाना घेऊन पुन्हा गाडीखाली शिरतो.